थोरल्या भावाच्या जाचातल्या मित्रास

लातूर

प्रिय दोस्ता,

फोनवर तू दबक्या आवाजात बोलत होतास, कुणी ऐकत असल्यासारखा. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मोबाईलवर काहीबाही वाचून तू विचारलंस, "अण्णा नार्सिसिस्ट आहेत का रे?" म्हणजे स्वतःलाच थोर समजणारा, दुसऱ्याच्या मनाची पर्वा नसणारा माणूस. ते मला ठरवता येणार नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तकात हा विकार १९८० पासून आहे. लक्षणं नऊ, त्यातली किमान पाच स्वभावात मुरलेली हवीत, अन् ते बघायचं काम डॉक्टरांचं. अण्णा काही डॉक्टरकडं जायचे नाहीत. अशी माणसं बहुधा जातच नाहीत, त्यांच्या लेखी चूक कायम समोरच्याची असते. तो शब्द त्यांच्या तोंडावर फेकू नकोस, उगाच भडका उडेल.

पण येळवशीला, वेळ अमावस्येच्या सणाला, मी तुमच्या शेतात होतो. पंगतीत अण्णा पाव्हण्यांना सांगत होते, "बोअर मी घेतला, ह्याला मी शिकवला, नाहीतर हा कुठं लागणार होता?" आंबील वाढता वाढता वहिनींचा, तुझ्या बायकोचा, हात थांबला. बोअरचे हप्ते कुणी फेडले हे निम्म्या पंगतीला ठाऊक होतं. संध्याकाळी तू पासबुक त्यांच्यापुढं ठेवलंस. त्यांनी उघडलंसुद्धा नाही. "बापाच्या जागी मी, अन् तू मला हिशेब दाखवतो?" म्हणत डोळ्यांत पाणी आणलं, अन् घटकाभरात पाया पडून माफी तू मागत होतास! मला अजून त्याचा राग येतो.

तुला वाटतं, एकदा सगळं नीट समजावलं की अण्णा म्हणतील, "बाबा, लई केलंस तू घरासाठी." नाही म्हणणार ते. ही आशा सोड, गड्या. तिच्यापायीच तू पुन्हा पुन्हा खुलासे देतोस, अन् प्रत्येक खुलाशातून त्यांना नवं भांडण सापडतं. "बरं", "बघतो", "उद्या सांगतो", एवढंच बोलायचं अन् उठायचं. पैशाचं काही ठरलं की त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून टाक. मग "मी असं बोललोच नव्हतो" म्हणाले, तरी तुला तुझ्याच डोक्यावर शंका यायची नाही. सोयाबीनच्या विक्रीची पट्टी तुझ्या नावानं अन् रक्कम तुझ्या खात्यात, यात मागं हटू नकोस.

वाटणीचं म्हणशील, तर सगळ्या खातेदारांची संमती असली की जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं वाटप होतं. नसली तर दिवाणी दावा. तू विषय काढलास की अण्णा आधी गोड होतील, मग भावकीत तुझी बदनामी करतील. माय म्हणेल, "थोरला आहे, सोसून घे." तिचं दुःख खरं आहे, तिच्याशी कठोर होऊ नकोस. पण वहिनी अन् पोरंही सोसतायत, हे तिला शांतपणे सांग.

वहिनी म्हणाल्या, तू रात्र रात्र जागा असतोस. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आजच लाव.

मोंढ्यात माल घेऊन आलास की मुक्कामालाच ये. येताना सातबारा अन् फेरफाराच्या नकला आण, माझ्या ओळखीच्या वकिलांना दाखवू. तहसीलला मीही सोबत येईन.

मायला अन् वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दोस्त