गुडघा दाबा, मग लांबी लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की मेळघाटातल्या कुपोषित बालकांचे आकडे पेपरात येतात. सॅम (तीव्र कुपोषित) किती, मॅम (मध्यम कुपोषित) किती, गेल्या सालापेक्षा कमी की जास्त. मी धारणी तालुक्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. हे आकडे जिथे तयार होतात त्या सतरंजीवर माझी बरीच वर्षे गेली, म्हणून लिहिते.

दोन वर्षांखालच्या लेकराची लांबी झोपवून मोजतात. डोके वरच्या फळीला टेकलेले, गुडघे दाबून सरळ, तळपाय सरकत्या फळीला चिकटलेले. याला दोघी लागतात. पण मदतनीस खिचडीपाशी, म्हणून सेविका एकटीच एका हाताने डोके धरते, दुसऱ्याने फळी सरकवते. लेकरू गुडघे वर घेते आणि दीड-दोन सेंटिमीटर गायब! लांबी कमी भरली की तेच वजन त्या लांबीला पुरेसे दिसते. सॅमचे मूल मॅममध्ये जाते, मॅमचे साधारणमध्ये. कुपोषित मुलांना जादा आहार-उपचार देणाऱ्या ग्राम बालविकास केंद्राच्या यादीत मग त्याचे नाव येणार कुठून?

मी स्वतः यात धुतल्या तांदळाची नाही. एका ढाण्यात, म्हणजे आदिवासी वस्तीत, दीड वर्षाची पोर माझ्यासमोर मोजली. आई म्हणाली, "बाई, लय रडून राह्यली, टाका ना लिहून." मी टाकले लिहून. मोबाईलवर मॅम आले. निघता निघता दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली, तर ११.३ सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली म्हणजे लाल, म्हणजेच सॅम. मदतनीसला हाक मारली, गुडघे धरायला लावले, पोरीला पुन्हा झोपवले. लांबी पावणेदोन सेंटिमीटरने वाढली आणि मोबाईलही सॅम म्हणू लागला. पट्टी पिशवीतच राहिली असती तर?

नुसत्या पट्टीवरही भागत नाही. वजन-उंचीत सापडणारी काही मुले दंडघेरात सुटतात, काहींचे उलटे. आणि दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहिला, तर वजन कितीही भरो, ते मूल सॅमच. सुजेतले पाणीही वजन वाढवून दाखवते. पावले दाबून बघणाऱ्या सेविका मला फार थोड्या भेटल्या. त्यांनाही काय बोलावे? खिचडी, रजिस्टर, ॲप आणि डोंगरात रेंज शोधणे, सगळे एकटीवरच.

मोजणीच्या दिवशी आशाताईला जोडीला बसवा. खिचडी त्या दिवशी बचत गटाकडे द्या. दिवाळीनंतर कामाला गेलेल्या घरांतली मुले परतली की आठवड्याच्या आत मोजा. मागच्या महिन्याचे वजन पुढे ओढू नका.

आपल्या बातमीदारांनाही एक विनंती. 'कुपोषण घटले' असे छापण्याआधी पटावर मुले किती, मोजली किती आणि दंडघेर किती जणांचा घेतला, एवढे विचारून घ्यावे.

आपली,
एक निवृत्त पर्यवेक्षिका
धारणी, जि. अमरावती