विषय: तुमच्या व्हॉल्यूम कंट्रोल बोर्डाची भिणभिण आणि तुम्ही दिलेला घातक सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक विभाग

आज तुमच्या ग्राहक सेवेला चौथा फोन केला. यापुढे जे काही बोलायचं ते लेखी.

बोर्ड तुमचाच आहे, म्हणून त्यावरची आवाज कमी-जास्त करणारी पीजीए२३११ चिप कशी चालते हे सांगत बसत नाही. बोर्डापुढे अ‍ॅम्प्लिफायर जोडला की स्पीकरमधून १ किलोहर्ट्झच्या आसपासची भिणभिण सतत येते. दोन्ही इनपुट सॉकेटवरच शॉर्ट केले, म्हणजे आत काही सिग्नलच नाही, तरी भिणभिण तेवढीच. नॉब शून्यावर आणला, तरी तेवढीच. डिस्प्लेची रिबन केबल काढली आणि आवाज तत्क्षणी बंद झाला.

तुमच्या डिस्प्लेचे चार आकडे आळीपाळीने पेटतात, प्रत्येक आकडा सेकंदाला २५० वेळा. म्हणजे सेकंदाला १००० ठोके, तेच १ किलोहर्ट्झ. पेटताना ८० मिलिअँपिअरपर्यंत जाणारा करंट परत येतो तो १ मिलिमीटर रुंद, ६० मिलिमीटर लांब ट्रॅकवरून, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीवरून, आणि ऑडिओ आउटपुटचा ग्राउंडही (सिग्नलची शून्य पातळी) त्याच ट्रॅकवर घेतलाय. ३५ मायक्रॉन तांब्याच्या एवढ्या ट्रॅकचा रोध साधारण ०.०३ ओहम. त्यावर २.४ मिलिव्होल्ट पडतात, सिग्नल २० पट वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरनंतर ते ४८ मिलिव्होल्ट होतात. शांत खोलीत हे स्पष्ट ऐकू येतं. आवाज चिपच्या पुढे मिसळतोय, म्हणून नॉब फिरवून तो कमी होणं शक्यच नाही.

डिस्प्लेचा ग्राउंड स्वतंत्र ट्रॅकने थेट रेग्युलेटरच्या ग्राउंड पिनपर्यंत न्यायला हवा होता. डिस्प्लेजवळच १०० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर हवेत. चिपची ५ नंबरची डिजिटल ग्राउंडची पिन आणि १० व १५ या अ‍ॅनालॉग ग्राउंडच्या पिना चिपखाली एकाच जागी जोडायच्या.

दुसरा दोष: गाणं चालू असताना नॉब फिरवला की टकटक होते. झिरो क्रॉसिंगची १ नंबरची पिन तुम्ही ग्राउंडला बांधून ती सोयच बंद केली आहे. तो ट्रॅक कापून पिन ४ नंबरच्या पिनवरच्या ५ व्होल्टला जोडली की आवाजाच्या पातळीतला बदल सिग्नल शून्यातून जाताना होतो, त्यामुळे टकटक कमी होते. त्यातच तुमचा प्रोग्रॅम नॉबच्या एका खटक्याला २ डेसिबलची उडी मारतो. चिप ०.५ डेसिबलची पायरी देते, ती वापरा.

आता आजचा फोन. डिस्प्ले काढला की आवाज जातो, हे तुमच्या प्रतिनिधीला दोनदा सांगितलं. त्यांचा प्रश्न, “दुसरं गाणं लावून पाहिलं का?” इनपुट शॉर्ट आहे, गाणं लागलेलंच नाही, असं सांगितलं. “मग आवाज कमी ठेवा.” नॉब शून्यावर आहे, हे तिसऱ्यांदा सांगितलं. बराच वेळ फोन होल्डवर. मग उत्तर आलं, “तुमच्या घराचं अर्थिंग खराब आहे. प्लगची मोठी पिन काढून टाका.”

हे वाक्य तुमच्या कंपनीच्या तोंडून निघालं आहे. धातूच्या पेटीत २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचं इन्सुलेशन गेलं तर माणसाला वाचवणारी तीच मोठी, अर्थिंगची पिन. शिवाय ग्राउंड लूपची, म्हणजे अर्थिंगच्या जोडणीतून येणारी, घरघर ५० हर्ट्झची असते, ही भिणभिण १ किलोहर्ट्झची आहे, आणि ती तुमच्या डिस्प्लेमुळे येते. डिस्प्लेमुळे! चार फोनांत एकानेही सर्किटचा नकाशा उघडून पाहिला नाही.

घरी सर्किट जोडणारी नवी मुलं तुमच्या बोर्डापासून सुरुवात करतात. बिघाड आपल्या सोल्डरिंगचाच, असं समजून ती आठवडे घालवतील, आणि एखादा खरंच पिन कापेल. याचा मला सर्वांत जास्त संताप आहे.

१५ दिवसांत दुरुस्त डिझाइनचा बोर्ड द्या किंवा पूर्ण पैसे परत करा. मोठी पिन काढण्याचा सल्ला चुकीचा होता, हे सर्व ग्राहकांना लेखी कळवा. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करीन आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाईन.

सोबत: बिलाची प्रत, डिस्प्लेसह व डिस्प्लेविना घेतलेले ऑसिलोस्कोपचे फोटो.