बाबा, ब्रॅडफर्ड मागे का पडलं

ब्रॅडफर्ड,
इंग्लंड. रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार,

फोनवर रोज बोलणं होतं, पण बाबांना कागदावर वाचल्याशिवाय समाधान नाही हे ठाऊक आहे, म्हणून आज सुट्टीची बसले आहे. मी मजेत आहे. खोकला पूर्ण गेला. घर गरम राहतं, जाड मोजे आहेत, दोन वेळचं जेवण घरचं होतं. शेंगा चटणी अजून शिल्लक आहे, जपून खाते.

आतेभावाने तुम्हाला काय सांगितलं ते कळलं. ब्रॅडफर्ड बसलेलं गाव आहे, ती लीड्स सोडून तिथे कशाला राहते, वगैरे. आई, तेव्हापासून तू रोज रात्री विचारतेस, घरी पोचलीस का. पोचते गं. हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधारतं हे खरं, पण तो अंधार लीड्सलाही पडतोच. इथे भाडं बरंच कमी आहे, आणि त्या वाचलेल्या पैशांतूनच तर घरी पाठवता येतं. शेजारी माणसं आहेत, दार वाजवलं तर उघडणारी. शेजारच्या खाला मीरपूरच्या. पाकिस्तानात मंगला धरण बांधलं तेव्हा त्या भागातली गावंच्या गावं पाण्यात गेली, आणि साठच्या दशकात तिथली पुष्कळ माणसं इथल्या गिरण्यांत आली. खालांचे यजमान रात्रपाळीला होते. गोऱ्यांना नको असलेली पाळी यांच्या वाट्याला यायची, असं त्या सांगतात. मी त्यांना तुझ्या माहेराचं सांगितलं, उजनीत गेलेलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून माझ्यासाठी चहा टाकला. तेव्हा माझी काळजी करू नकोस.

बाबा, तुमचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही म्हणालात, ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या कापडाची राजधानी, मग पंधरा किलोमीटरवरचं लीड्स पुढे गेलं आणि हे मागे राहिलं कसं? इथले कामगार ढिले पडले का? तुम्ही सोलापूरबद्दलच विचारत होतात, ते मला कळलं.

कामगार ढिले नव्हते. माझ्या खिडकीतून लिस्टर मिलची चिमणी दिसते, २४९ फूट उंच, अख्खी दगडी. १८७३ मध्ये उभी राहिलेली ही मिल रेशीम आणि मखमल काढायची. भरात होती तेव्हा अकरा हजार माणसं कामाला होती. १८९० च्या डिसेंबरात मजुरी कापली, तेव्हा इथल्या कामगारांनी, त्यात बायका जास्त, भर थंडीत संप केला आणि एप्रिलपर्यंत ताणला. शेवटी हरले. पण त्याच रागातून १८९३ साली या गावात इंडिपेंडंट लेबर पार्टी, म्हणजे कामगारांचा पक्ष, स्थापन झाली. आजोबा असते तर त्यांनी मला हे पुन्हा पुन्हा सांगायला लावलं असतं. मिल १९९२ ला बंद पडली, आता काही भागात फ्लॅट झालेत.

मला जे दिसतं ते असं. ब्रॅडफर्डने सगळं एका धंद्यावर लावलं. कातणं, विणणं, डाईंग, व्यापाऱ्यांच्या पेढ्या, लोकरीचं एक्स्चेंज, बहुतेक सगळी कमाई लोकरीची. लोकर बसली तेव्हा सगळं एकदम बसलं. लीड्समध्येही लोकर होतीच, पण जोडीला इंजिनांचे कारखाने, तयार कपडे शिवणारे मोठाले कारखाने, छापखाने, वकील, बँका. एकाचं बंद झालं तर दुसऱ्याचं चालू राहिलं. पुढे ऑफिसांचे दिवस आले तेव्हा बसायला जागा लीड्सकडेच तयार होती. सरकारी आरोग्य खात्याचा मोठा भाग नव्वदच्या दशकात लंडनहून लीड्सला आला, मग चॅनल फोर या टीव्ही कंपनीनेही तिथेच मुख्यालय केलं.

आणि रस्ता. मला तर हेच मोठं कारण वाटतं. ब्रॅडफर्ड टेकड्यांमधल्या खोलगट जागी आहे. रेल्वे कंपन्यांनी दोन बाजूंनी दोन स्टेशनं आणून सोडली आणि ती कधी जोडलीच नाहीत. दोन्हीकडे रूळ संपतात. एकातून उतरून दुसऱ्याकडे जायचं तर गावातून दहा मिनिटं चालत जा, बॅगा ओढत. लीड्सहून हॅलिफॅक्सकडे जाणारी गाडी इंटरचेंज स्टेशनात येते, ड्रायव्हर पाठीला पिशवी लावून उतरतो, अख्खा प्लॅटफॉर्म चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जाऊन बसतो आणि गाडी आली तशी उलटी निघते. पूर्वी नगरच्या गाड्यांचं दौंडला इंजिन फिरवायचे ना, तसं. दीडशे वर्षं हेच. मोटरवे आले तेव्हाही एम-वन आणि एम-सिक्स्टीटू लीड्सच्या अंगाला भेटले. ब्रॅडफर्डला मिळाला एक लहानसा फाटा. लीड्सवाले सत्तरच्या दशकात टपालाच्या शिक्क्यावर 'मोटरवेचं शहर' असं छापत होते. ज्याच्या दारातून सगळे जातात त्याचं दुकान चालतं, बाबा. त्यात विणकराच्या हाताचा काय दोष?

घरच्यांनी केलेलं नुकसानही आहे, ते लपवत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत नगरपालिकेने जुन्या देखण्या दगडी इमारती पाडून काँक्रीटचे ठोकळे उभे केले. मग २००४ मध्ये मॉल बांधायचा म्हणून गावाच्या मध्यावरचं सगळं पाडलं, तेवढ्यात मंदी आली, आणि तिथे नुसता खड्डा राहिला. मॉल उघडला २०१५ ला. गावाच्या पोटात अकरा वर्षं खड्डा! शाळेत जाणारी मुलं तो खड्डा बघत मोठी झाली आणि नोकरीला लीड्सला गेली. आता बदलतंय. यंदा ब्रॅडफर्ड ब्रिटनचं सांस्कृतिक शहर आहे, चित्र-शिल्पकलेच्या टर्नर पुरस्काराचं प्रदर्शन माझ्या घराजवळच्या कार्टराइट हॉलमध्ये आहे, आणि लीड्सपर्यंत ट्राम आणायला सरकारने पैसे जाहीर केलेत. आतेभावाला हेही सांगा.

आजीने विचारलं होतं, इथली माणसं कशी. तिला हे वाचून दाखवा. बसमधून उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक यू म्हणतो. प्रत्येक. टोपडं ओढलेली शाळकरी पोरंसुद्धा. आधी मला वाटलं ओळखीचे असतील. तसं नाही. इथे कंडक्टर नसतो, घंटीची दोरी नाही, डबल बेल नाही. चढताना पुढच्या दाराने चढायचं, तिकीट ड्रायव्हरकडेच घ्यायचं किंवा कार्ड लावायचं, थांबा आला की खांबावरचं लाल बटण दाबायचं, आणि उतरायचंही त्याच पुढच्या दाराने, त्यामुळे ड्रायव्हरच्या शेजारून जावंच लागतं. लंडनमध्ये उतरायचं दार मधे असतं, म्हणून तिथे एवढं म्हणत नाहीत. बस उशिरा आली, गच्च भरली, पावसात थांबायला लागलं, तरी म्हणतात. ड्रायव्हर बहुतेक वेळा नुसती मान हलवतो. त्याच बसमध्ये शेजारच्या माणसाशी मात्र कोणी बोलत नाही. हे दोन्ही एकाच माणसाला कसं जमतं, मला अजून उमगलेलं नाही. मीही आता म्हणते, आणि न म्हणता उतरले तर दिवसभर चुकल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट फोनवर बोलवत नाही. मी ब्रॅडफर्डला झोपते आणि दिवस लीड्सला देते. पगार तिथला, दुपारची कॉफी तिथली, खरेदीही येताना तिथेच. संध्याकाळच्या गाडीत सगळे माझ्यासारखेच असतात. दादा पुण्यात, मी इथे, आणि सोलापूरच्या घरात तुम्ही दोघं आणि आजी. तुम्ही कधी बोलून दाखवत नाही.

आता पैशांचं. या महिन्याचे पाठवले आहेत, दिवाळीचे थोडे जास्त. त्यातून आजीचा मोतीबिंदू आधी करून घ्या, गच्चीचं वॉटरप्रूफिंग नंतर. दादा म्हणतो घर विकून हडपसरला दोन खोल्या जास्तीच्या घेऊ, सगळे एकत्र राहू. त्याचं म्हणणं मायेचंच आहे. पण बाबा, तुमचं मन नसेल तर माझ्याकडे बघून हो म्हणू नका. त्याच्या हप्त्याला मी हातभार लावीन, त्यासाठी घर जायला नको. आणि दादाला हे मीच सांगते, तुम्ही मधे पडू नका.

आई, स्थळांचं. पुण्याच्या मुलाशी दोनदा बोलले, चांगला आहे, पण जुळेलसं वाटत नाही, त्यांना तसं कळवून टाक. मावशी बोलता बोलता म्हणाली की अक्कलकोट रोडला ज्यांचा टॉवेलचा कारखाना आहे त्यांच्याकडूनही विचारणा आली होती, आणि तू परस्पर नाही म्हणालीस, 'ती काही आता सोलापूरला यायची नाही' म्हणून. मला एकदा विचारायचं होतंस. मी येईन असं म्हणत नाही, लगेच मनात मांडव घालू नकोस. इथला व्हिसा, नोकरी, दादाचे हप्ते, सगळं बघावं लागेल. पण त्यांचा नंबर मावशीकडून घेऊन मला पाठव. मी स्वतः बोलेन. बाबांनी तेवढं बघून ठेवावं, माग किती आहेत आणि माल कुठे जातो.

तुमची,
बेबी