पापणी हलते तेव्हा

महोदय,

ख्रिस मार्कर यांचा ‘ला जेते’ हा १९६२चा फ्रेंच विज्ञानपट नुकताच पाहिला. जेमतेम २८ मिनिटांचा, आणि जवळजवळ सगळा स्थिरचित्रांचा. तिसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसखालच्या भुयारांत राहणारी माणसं, लहानपणच्या एका आठवणीच्या आधारे भूतकाळात पाठवलेला कैदी... पहिल्या खेपेला सगळं हाती लागत नाही. पण मध्येच त्याच्या आठवणीतली स्त्री अंथरुणावर डोळे उघडते, पापण्या खरोखर हलतात आणि अंगावर काटा येतो. अख्ख्या चित्रपटात हलणारं दृश्य एवढंच! ‘कळत नाही’ म्हणून असे चित्रपट अर्ध्यावर बंद करू नका, ही कळकळीची विनंती. दुसऱ्यांदा पाहताना मला विमानतळावरचा सुरुवातीचा प्रसंग अगदी वेगळा दिसला.

– एक वाचक