आधी कमान काढा, मग मत मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेत अग्निशमनाच्या कराचा कौल लोकांकडून घेतात, याचे कौतुक करणारा रविवारच्या पुरवणीतला अमेरिकावासी बडोदेकरांचा तो लेख वाचला. लेखाबद्दल फारशी तक्रार नाही. त्याच्या शेवटी आपण जी टीप जोडलीत, ती मात्र पचली नाही. 'अग्निशमनासाठी वेरा (म्हणजे मालमत्ता कर) वाढवायचा का, याचा कौल बडोद्यातही नागरिकांकडून घ्यायला काय हरकत आहे?' हरकत पुष्कळ आहे. सांगतो.

तिकडचे आधी. माझी पुतणी सिॲटलच्या बाजूला राहते, त्यामुळे हे प्रकरण आमच्या घरात अगदीच परके नाही. वॉशिंग्टन राज्यात आग आणि रुग्णवाहिकेचा कारभार बऱ्याच ठिकाणी वेगळ्या 'फायर डिस्ट्रिक्ट'कडे असतो. त्यावरची माणसे लोक निवडून देतात आणि त्याची तिजोरीही वेगळी असते. नवी बांधकामे सोडली तर कराचे उत्पन्न वर्षाला 1 टक्क्याहून जास्त वाढवायला मतदारांपुढे हात जोडावे लागतात. रुग्णवाहिकेच्या कराला घराच्या किमतीत हजार डॉलरमागे 50 सेंटची मर्यादा आहे, म्हणजे सहा लाख डॉलरच्या घराला वर्षाला फार तर 300 डॉलर. तो पहिल्यांदा लावायचा तर 60 टक्के मते लागतात. मतपत्रिका टपालाने घरी येते. शिवाय पुस्तिका येते आणि तिच्यात कर वाढवा म्हणणाऱ्यांचे म्हणणे असते, तसेच वाढवू नका म्हणणाऱ्यांचेही. विरोधकांचे म्हणणे सरकारी खर्चाने छापून घरपोच! आपल्याकडे वेराबिल वेळेवर घरपोच आले तरी पुष्कळ.

लेखकमहाशयांनी एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे गाळली. 2010 साली टेनेसी राज्यातल्या ओबायन काउंटीत एका घराला आग लागली. घरमालकाने शेजारच्या शहराच्या बंबाची वार्षिक 75 डॉलरची फी भरलेली नव्हती. बंब आला, पण तो फी भरलेल्या शेजाऱ्याची जागा वाचवायला. मालक 'आत्ता भरतो' म्हणत राहिला आणि घर डोळ्यांदेखत जळून गेले. हेही अमेरिकेतच घडले. कौतुक छापायचे तर जरूर छापा, पण मग सगळे छापा.

आता आमच्याकडचे. मी इथल्या वाडी भागात राहतो. आमच्या पोळीचे, म्हणजे गल्लीचे, नाव लिहीत नाही, उगाच कोणाला राग यायला नको. गेल्या दिवाळीत पाडव्याच्या रात्री समोरच्या काकींच्या माळ्यात रॉकेट शिरले. माळ्यावर जुन्या गाद्या आणि मखराचा थर्माकोल, मग काय विचारता. बघता बघता कौलांतून ज्वाळा निघू लागल्या. 101 ला फोन केला आणि बंब लगेच आला, त्याबद्दल त्या मंडळींचे पाय धरावेत. पण आला तो गल्लीच्या तोंडाशी, आणि तिथेच उभा राहिला. कारण तिथे लोखंडी कमान आहे. दोन बाजूंना कळस, मधे लायटिंग आणि वर शुभेच्छुकांचे फोटो. बंबाच्या टपावरची शिडी कमानीच्या आडव्या पट्टीला अडत होती. ड्रायव्हर खाली उतरला, वर पाहिले आणि मला म्हणाला, "काका, आ दरवाजो कोणे मूक्यो?" (हा दरवाजा कोणी लावला?) मी काय सांगणार? ज्यांनी मूक्यो ते त्याच्या डोक्यावर हात जोडून हसत होते.

मग ती पोरे पंधरा-पंधरा मीटरचे पाइप एकाला एक जोडत आत धावली. गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाक्या, त्यात एक ॲक्टिव्हा हँडल लॉक करून चक्क आडवी लावलेली. ती आम्ही चौघांनी उचलून कोणाच्या तरी ओट्यावर ठेवली. (तिचा मालक सकाळी भांडायला आला होता, आरसा तुटला म्हणून.) एका जोडापाशी पाइप निसटला आणि बराच वेळ पाणी आगीऐवजी रांगोळ्यांवर पडत राहिले. काकी सुखरूप आहेत. माळा गेला, आणि त्यावरची ट्रंक गेली. त्यांच्या सासऱ्यांचे बडोदे संस्थानातल्या नोकरीचे सगळे कागद तीत होते. ते आता कुठल्या विम्यात बसवायचे?

नंतर मी कमान काढण्यासाठी अर्ज दिला. कार्यालयाचे नाव घेत नाही. बरेच हेलपाटे झाल्यावर उत्तर मिळाले की, कमान लोकभागीदारीतून झालेली असल्याने ती काढायला स्थानिक रहिवाशांची संमती लागेल. उभारताना संमती लागली नाही, काढताना लागते! संपादकसाहेब, कौल घ्यायचाच असेल तर तो यावर घ्या. मतपत्रिका मी स्वखर्चाने छापून देतो. यंदा गणपतीत त्याच कमानीला नवा रंग लागला. उंची अर्थातच तेवढीच.

पैसे नकोत असे मी म्हणत नाही. सुरतेला 24 मे 2019 रोजी तक्षशिला आर्केडच्या आगीत 22 जण गेले, बहुतेक क्लासला आलेली मुले. वरून उड्या टाकणारी ती पोरे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. राजकोटच्या गेम झोनच्या आगीत 25 मे 2024 ला 27 गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, तेव्हा गच्चीवर बसून होडीची वाट पाहणे म्हणजे काय तेही बडोद्याला कळले. उंच शिड्या, होड्या, माणसे, सगळ्याला पैसा लागतो. मी वेरा आगाऊ भरणारा माणूस आहे (सूट मिळते म्हणून, खोटे कशाला बोलू). थोडा जास्त भरेन. पण पैशाने काय होते आणि काय होत नाही, ते तरी पाहा. पुण्यात माझ्या साडूच्या मिळकतकराच्या बिलावर अग्निशामक कराचा वेगळा रकाना असतो. त्यामुळे पेठांतले बोळ रुंद झाल्याचे ऐकिवात नाही. आणि खंडेराव मार्केटच्या इमारतीत, म्हणजे महापालिकेत, आपण 76 नगरसेवक निवडून पाठवतो, ते कशासाठी? वेरा किती असावा हे त्यांनी ठरवावे आणि त्याची शिवीही त्यांनीच खावी. ती आमच्या माथी कशाला?

लेखासोबत आपण छापलेला तो लालभडक अमेरिकन बंब फार देखणा आहे. आमच्या गल्लीत तोही शिरणार नाही.

जाता जाता आणखी एक. पहिल्या पानावर आपण रोज सूर्योदय-सूर्यास्त मुंबईचा छापता. याबद्दल पूर्वीही लिहिले होते, पण आपण दखल घेतली नाहीत. वर्गणी आम्ही बडोद्यात भरतो.

कळावे.
आपला,
एक जुना वर्गणीदार
वाडी, बडोदे