पाय धुणे आणि अंग काढून घेणे

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला नम्रतेवरचा लेख वाचला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांचा राजीनामा आणि गावोगावच्या फादरांचे नमते घेणे लेखकाने ‘माघार’ म्हणून एकाच तागडीत तोलले. ते अजिबात पटले नाही.

बेनेडिक्ट यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी पद सोडत असल्याचे सांगितले. वयामुळे हे काम आता पेलवत नाही, हे ते स्वतःच्या तोंडाने बोलले. सुमारे सहाशे वर्षांत कोणत्याच पोपने असे पद सोडले नव्हते. २८ तारखेला निघताना, पुढचा पोप कोण हे ठाऊक नसताना, जमलेल्या कार्डिनलांसमोर, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंसमोर, त्यांनी त्याच्या आज्ञेत राहण्याचा शब्द दिला. याला माघार म्हणायला जीभ कशी वळते?

आता आमच्या चर्चचे ऐका. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीत, फादर बारा जणांचे पाय धुतात. या विधीत स्त्रियांनाही घ्यावे, अशी मुभा पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१६ मध्ये दिली. पुढे आम्ही काही जणांनी एका आजींचे नाव सुचवले. आजी कापूस वेचायला जातात. टाचांच्या भेगांत काळी माती अशी मुरलेली की दगडाने घासली तरी निघत नाही. वेदीची वस्त्रे वर्षानुवर्षे त्याच धुतात. पॅरिश कौन्सिलमधले, म्हणजे चर्चच्या स्थानिक सल्लागार मंडळातले, एक वजनदार गृहस्थ म्हणाले, "बायायचे पाय धुतले तं लोक काय म्हंतीन?" फादर गप्प बसले. नंतर मला म्हणाले, "मी नम्रपणे कौन्सिलचं ऐकलं." त्या संध्याकाळी बारा खुर्च्यांवर नेहमीचेच लोक होते, घरूनच पाय धुऊन नवे मोजे चढवून आलेले. आजी मागच्या बाकावर.

चर्चच्या कायद्याप्रमाणे पॅरिश कौन्सिलचे मत सल्ल्यापुरते असते, निर्णय फादरांचा. तो वजनदार माणसापुढे टाकून द्यायचा आणि वर त्याला नम्रता म्हणायचे, हे मला आजही सहन होत नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय लेखकाने काढून बघावा. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुवायला कमरेला रुमाल बांधला तेव्हा त्याच्या पेत्र या शिष्याने ठाम नकार दिला होता. प्रभूने तो ऐकून घेतला नाही, पेत्राचे पाय धुतलेच. आणि तुम्ही मला गुरू म्हणता ते बरोबरच आहे, हेही त्याच जेवणात सांगितले. खाली वाकतानाही त्याने निर्णय दुसऱ्याच्या भिडेवर सोडला नाही. राग आहे तो एवढ्याचसाठी, की नम्रतेच्या नावाखाली ज्यांना मागे बसवले जाते त्या नेहमी आजींसारख्याच असतात.

जाता जाता आणखी एक. ख्रिस्ती सणाचा मजकूर आला की तुमच्या पानावर फोटो वसईचाच असतो. अमरावती धर्मप्रांत १९५५ पासून आहे. पुढच्या पवित्र गुरुवारी एखादा छायाचित्रकार इकडे पाठवा, अमरावतीहून एसटी आहे.

— एक वाचक, जि. अमरावती