आता अंडं नको लावू बाप्पा

प्रिय अनू,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस म्हणून लिहून राहिली. केसांना काहून एवढं प्रोटीन फासतेस गं? रविवारी अंडं, बुधवारी केराटिन मास्क (तेही प्रोटीनच), आणि वर विचारतेस केस राठ काहून झाले!

अंड्याचं प्रोटीन मोठ्या आकाराचं असतं, ते केसाच्या आत शिरतच नाही. नुसता वास राहतो. बाटलीवर हायड्रोलाइज्ड लिहिलेलं असतं ना, ते तोडून बारीक केलेलं प्रोटीन, त्यातलं थोडं आत जातं, बाकीचं केसावर थर धरून बसतं, आणि तू थरावर थर चढवून राहिलीस. इंटरनेटवर त्याला प्रोटीन ओव्हरलोड म्हणतात, मला तो शब्द जरा जास्तच भारी वाटतो, पण केस कडक होतात हे मात्र खरं.

आता एक कर. केस धुतल्यावर ओला असतानाच एक केस दोन बोटांत धरून हळूच ताण. थोडा लांबून परत जागेवर आला तर काहीच करू नको. न लांबता टचकन तुटला तर त्याला ओलावा पाहिजे, म्हणजे साधं जाड कंडिशनर. आणि ओल्या शेवईसारखा लांबतच गेला, परत आलाच नाही, तर तिथे प्रोटीन दे. अन् हो, मुळाकडचा आणि टोकाचा वेगवेगळा बघ, कारण तुझी टोकं ब्लीच केलेली आहेत आणि वरचे केस जन्माचे, दोघांना एकच मास्क कसा चालेल? माझ्या मते टोकांना महिन्यातून एखादेवेळी प्रोटीन, वरती अजिबात नाही. आधी एकदा क्लॅरिफायिंग शाम्पूने तो जुना थर काढ, मग कंडिशनर चांगलं पाच मिनिटं ठेव.

धुवायच्या आधी खोबरेल लाव. २००३ सालचा एक अभ्यास आहे, खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल लावून पाहिलं होतं, त्यात केसातलं प्रोटीन धुवून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. म्हणजे आपल्या आज्या काही येड्या नव्हत्या.

आणि मे महिन्यात येऊन राहिलीस म्हणून सांगते, मुंबईची दमट हवा इकडे नागपुरात नाही. दमट हवेत केस स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के पाणी ओढू शकतो, इथे पंचेचाळीस डिग्रीत आधीचंही उडून जातं. तुझं ते ग्लिसरीनवालं सीरम हवेतलं पाणी ओढतं म्हणतात, पण इथल्या हवेत ओढायला पाणी तर पाहिजे! ते तिकडेच ठेव. त्यापेक्षा ओल्या केसांना लीव्ह-इन, म्हणजे न धुता ठेवायचं कंडिशनर, लाव, वरून तेलाचे दोन थेंब, आणि गाडीवर निघताना आमच्यासारखा दुपट्टा गच्च बांध. धरमपेठेतल्या पोरी काय उगाच डाकूसारख्या फिरतात का!

कूलरसमोर केस मोकळे सोडून झोपायचं नाही, वेणी घाल. नवतपा, म्हणजे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधी आलीस तर बरं, पंचवीस मेनंतर दुपारी सीताबर्डीत शॉपिंगला मी येणार नाही, आत्ताच सांगते. तिकीट काढलं की गाडी कोणती ते कळव, स्टेशनवर घ्यायला येते.

तुझीच,
मेघा